सातवा चौकोन

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर, अजून भिंती नाहीत.
फरशीवर खडूने आखलेत पलंग, बारा.
डॉक्टर भोयरांना चौदा हवे होते,
त्या दोन पलंगांपायी तीन आठवडे
आमचं बोलणं बंद होतं.

मे महिना. पारा सत्तेचाळिसाच्या आसपास.
पश्चिमेची खिडकी मी हट्टाने ठेवली आहे.
बाहेर कडुनिंब, त्यामागे जाहिरातीच्या फलकाचा
नुसता लोखंडी सांगाडा.
एसीवाला म्हणतो, या एका काचेपायी दीड टन वाढते मॅडम.
वाढू दे.
दुहेरी काच, वर छज्जा. पडदा नको,
पडद्यात जंतू मुक्कामाला असतात.

जिन्याखाली औषधांचं दुकान निघेल म्हणाले भोयर.
मी तिथे पेन्सिलने लिहिलंय : नातेवाईक.
गोंदियाहून, बालाघाटहून आलेली माणसं
डबा, चादर आणि फाइल घेऊन
कुठेतरी बसणारच आहेत.
खोडरबर अजून दोघांच्याही हातात आहे.

रामटेके सिस्टर येतात. एकतीस वर्षं मेडिकलला काढून
आता इथे. नकाशा पुढे केला तरी बघत नाहीत.
चालतात. चौथ्या पलंगापासून बेसिनपर्यंत,
ओठ हलतात.
"नऊ. लई झाले.
रात्री तीन वाजता हात धुवाले
नऊ पावलं कोणी जात नाही मॅडम.
मी बी नाही गेली कदी कदी."
बेसिन चार पावलं अलीकडे येतं.
जुना खडू मी ओढणीने पुसते.

मग मी आडवी होते, सातव्या चौकोनात,
सिमेंटच्या धुळीत पाठ टेकून.
निनावे मिस्त्री तोंड फिरवतो, सभ्य माणूस.
आम्ही नकाशे काढतो घारीसारखे, वरून.
इथे राहणारा पाठीवर असतो.
त्याच्या वाट्याला ना भिंत, ना दार. छत.
आणि छतात मी दिवा दिलाय, बरोबर डोळ्यांवर.
कागदावर तो किती छान मधोमध होता.

रामदासपेठेत, सत्याण्णव साली,
बाबा असेच वर बघत होते अकरा दिवस.
घशात नळी, म्हणून पॅड दिलं होतं.
थरथरत एकच शब्द लिहायचे, काढा.
काढा. पुन्हा काढा.
आम्हाला वाटलं, नळी म्हणतायत.
नळी ओढतील म्हणून सहीसुद्धा मीच केली,
हात बांधायच्या कागदावर.
बाराव्या दिवशी त्यांची चादर गोळा करताना
सहज वर पाहिलं :
दिव्याच्या दुधी पट्टीत मेलेली पाल,
चारी पाय पसरून,
तिची सावली थेट उशीवर.

"काय दिसते मॅडम?" सिस्टर वाकून विचारतात.
"काही नाही. दिवा हलवावा लागेल."
"हलवा. आन् समोर घड्याळ लावा, मोठं.
रात हाय का दिवस, थे बी समजलं पायजे.
रातभर इचारतात, सकाळ झाली का, सकाळ झाली का."
"मग तुम्ही काय सांगता?"
त्या पदराने मान पुसतात.
"माणूस पाहून सांगतो.
कोनाले म्हणते झाली, कोनाले म्हणते झोपा."

निनावे कानावरची पेन्सिल काढतो,
समोरच्या खांबाला टेप लावतो.
किती उंचीवर, मॅडम?
नकाशात आहे सात फूट.
नकाशा तिकडे विटांवर फडफडतोय,
वर एक वीट ठेवलेली.

खाली घे. अजून खाली.
इथं?
अजून जरा.
धूळ डोळ्यात जाते, मी उठत नाही.
आता?
थांब, बघू दे.